बाराव्या बाटलीची माती

वन्सं,

तुम्ही आतल्या खोलीत दुपारची झोप घेताय, म्हणजे तोंडावर वर्तमानपत्र पसरून जाग्याच आहात, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुमच्यावर लिहितेय. आमच्या वाचनमंडळाच्या अंकासाठी ‘ओळखीचं एक साधं माणूस’ असा विषय दिलाय. बाकीच्या सगळ्याजणी आपापल्या आईवर लिहिणार. आईवर लिहिलं की कुणी चुका काढत नाही. मी तुमच्यावर लिहायचं ठरवलं, कारण तुम्ही चुका काढणार. अंक हातात आला की तुम्ही चष्मा शोधाल, तो डोक्यावरच असेल, मग पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात कराल. खुशाल करा. फक्त मधली पानं उडवून शेवट आधी वाचू नका. त्या अकरा चिठ्ठ्यांचं काय झालं ते मी आज सांगणार आहे, पण जिथलं तिथे.

आता बाकीच्या वाचकांसाठी. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्यांना ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणते. त्या मला ‘अगं’ म्हणतात, आणि टोमणा मारायचा असला की ‘एम. ए.’ म्हणतात. दूध उतू गेलं की आतून आवाज येतो, “काय एम. ए., पुस्तक संपलं का?” त्या स्वतः शाळेच्या पुढे शिकल्या नाहीत, पंचविशीत नोकरीला लागल्या. लग्न केलं नाही. का नाही केलं हे मी एकदा विचारलं होतं. “राहून गेलं,” म्हणाल्या, जसं एखादीचं भरतकाम राहून जातं.

नोकरी होती माती तपासायच्या प्रयोगशाळेत. बाटल्या धुवायला म्हणून लागल्या आणि चौतीस वर्षांनी मुख्य सहायक म्हणून निवृत्त झाल्या. लोक कापडी पिशव्यांतून माती आणून देत. ती सावलीत पसरून वाळवायची. उन्हात नाही, उन्हाने तिचा स्वभाव बिघडतो असं वन्संचं म्हणणं. मग लाकडी मोगरीने ढेकळं फोडायची आणि बारीक चाळणीतून चाळायची. लोखंडाला हात लावायचा नाही, लोखंडाचा अंश मातीत उतरतो आणि आकडे खोटे पडतात. मग त्या मातीत आंबटपणा किती, क्षार किती, सेंद्रिय अंश किती, हे एका छापील कागदावर भरायचं. तिथे सगळे त्यांना चाळणीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्या ओ देत.

त्यांचा एक अहवाल त्या खात्यात बरीच वर्षं गाजत होता. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मैदानाची माती पाठवली, सोबत पत्र, की काही केल्या गवत उगवत नाही. वन्संनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘माती उत्तम. मुलं फार खेळतात. उपाय नाही.’ साहेबांनी बोलावून घेतलं. “शेरा शास्त्रीय हवा.” वन्सं म्हणाल्या, “मी जाऊन बघून आले, साहेब. मधल्या सुट्टीत.” शेरा तसाच गेला.

चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची माती तपासली. स्वतःची कुंडीसुद्धा नव्हती. आधी भावाच्या घरी राहिल्या, मग वसतिगृहात, मग भाड्याच्या खोल्यांत. निवृत्तीच्या वेळी प्रयोगशाळेच्याच गावात, आमच्यापासून बसने चार तासांवर, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीचं घर घेतलं. दारावर स्वतःचं नाव लावलं आणि पहिल्या आठवड्यात आम्हाला चहाला बोलावलं. चार कप होते, चारही नवे. त्या घराचा त्यांना फार अभिमान, आणि असायलाच हवा.

तर ही बाई सहा वर्षांपूर्वी माझ्या दारात दोन पिशव्या घेऊन उभी राहिली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी दूर देशी, तिचा फोन रविवारी. वन्सं तेव्हा बहात्तरच्या, पण जिने माझ्यापेक्षा चांगले चढत. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, “दोन महिने. वर एक दिवस नाही. माझ्या मोरीतला नळ गळतो.”

“गळू दे की. पाणी वाहतं ठेवलं की तुंबत नाही.”

“ऑपरेशन गुडघ्याचं झालंय ना, जिभेचं नाही,” असं म्हणून त्या आत आल्या.

दोन महिने बरे गेले. मी एकटी राहायला शिकले होते, त्यामुळे दुसरं माणूस घरात खुपेल असं वाटलं होतं. खुपलं नाही. सकाळी त्या मला दिवाणखान्यात चालवत, पावलं मोजत, आणि मी दमले की म्हणत, “अजून सहा. मुख्याध्यापकांच्या मैदानावर मुलं याहून जास्त पळतात.” दुपारी एक जण वाची, दुसरी ऐकता ऐकता पेंगे. भांडणंही झाली, पण ती चहाच्या पावडरीवरून. त्या पावडर चमच्याने सपाट करून मोजतात, मी मुठीने टाकते.

दिवाणखान्याच्या भिंतीला माझ्या नवऱ्याची माशांची टाकी होती. तीन फूट लांब, रिकामी. हयातभर त्या माणसाने त्या टाकीत खरी झाडं लावली आणि हयातभर ती कुजली. खाली निळे खडे घालायचा. निळे का, तर शोभतात. झाडं महिनाभरात पिवळी पडायची, मग विरघळायची, मग तो नवी आणायचा. वन्संनी एक दिवस ते खडे ओंजळीत घेतले, बशीत ठेवले आणि वरून व्हिनेगर ओतलं. खडे सोड्यासारखे फसफसले.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “चुनखडी आहे, वर रंग दिलाय. पाणी जड करत होते हे. आणि खायला काय? खड्यातून मुळं काय खाणार? माझ्या भावाने झाडांना आयुष्यभर उपाशी ठेवलं गं.”

“मला नाही ठेवलं,” मी म्हटलं. हे सांगणं भाग होतं.

दोन महिने संपायला आठ दिवस उरले तेव्हा त्या म्हणाल्या, “तू एकटी भिंतीशी बोलत बसशील. तुला ही टाकी लावून देते. झाडं, दोन-चार मासे. सोबत होईल. मग जाते.”

मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं एका दुपारचं काम आहे. आम्ही रिक्षा करून मासेवाल्याच्या दुकानात गेलो. त्याने काळ्या दाण्यांची एक चकचकीत पिशवी पुढे केली. “आजी, ही ओता, वर पाणी भरा. महिन्याभरात जंगल.”

“यात काय आहे?” वन्संनी विचारलं.

“पोषण आहे.”

“ते बिस्किटाच्या पुड्यावरही लिहिलेलं असतं. काय काय आहे, किती किती आहे?”

मासेवाल्याने पिशवी उलटसुलट केली. “भरपूर आहे,” तो म्हणाला.

मी टेकायला स्टूल शोधत होते. म्हटलं, “वन्सं, घ्या ना ती. सगळे घेतात.”

“घेते. नंबर अकरा म्हणून घेते.”

नंबर एक ते दहा कुठून येणार होते ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. शेजारच्या बागेतल्या वाफ्याची माती. रोपवाटिकेतली, शेणखत घातलेली. तळ्याच्या काठचा गाळ. रस्ता रुंद करायला टेकडी कापली होती, तिथली लाल माती. विटांच्या भट्टीवरची चिकणमाती. मग त्यातल्या दोन-दोन एकत्र. सगळी माती बादल्यांत भिजली, वर तरंगलेल्या काड्या गाळल्या गेल्या, पाणी ओतलं गेलं, मग गच्चीवर सावलीत वर्तमानपत्रांवर वाळली, आणि हे सगळं तीन-तीनदा. त्याने मातीतला कच्चा माल आधीच कुजून जातो, नाहीतर तो टाकीत कुजतो आणि मासे मरतात, असं मला सांगण्यात आलं. वाळलेली माती माझ्या पिठाच्या चाळणीने चाळली गेली. मी नवी चाळणी आणली. तीही गेली.

मग जॅमच्या अकरा रिकाम्या बाटल्या. प्रत्येकीत दोन बोटं माती, वर एक बोट जाडी वाळू, म्हणजे माती वर उठून पाणी गढूळ होत नाही. पाणी. आणि एकाच झाडाच्या अकरा सारख्या फांद्या, प्रत्येकीत एक. बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने लागल्या. प्रत्येकीवर खळीने चिकटवलेली चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेला नंबर. कुठला नंबर म्हणजे कुठली माती, हे वहीत.

“किती दिवस?” मी विचारलं.

“दहा आठवडे.”

“माती निवडायला? लोक घर निवडतात याहून लवकर.”

“म्हणून मग घरं गळतात,” वन्सं म्हणाल्या. “प्रयोग अर्धवट टाकून जाता येत नाही. दहा आठवडे थांबते.”

चहा उकळेपर्यंतसुद्धा मला धीर नसतो. पण त्या दहा आठवड्यांत मी एकदाही घाई केली नाही, आणि हे माझ्या उशिरा लक्षात आलं. रोज सकाळी वन्सं फूटपट्टी घेऊन बाटल्यांपुढे वाकत, पानं मोजत, मी वहीत आकडे लिहीत असे. रोपवाटिकेच्या मातीतून बुडबुडे आले आणि सडक्या अंड्याचा वास सुटला. मासेवाल्याच्या दाण्यांत झाड छान वाढलं. वन्संनी ते मान्य केलं, पण “पहिले काही आठवडे पाणी मासे ठेवण्याजोगं नाही” असा शेरा मारला. भट्टीच्या मातीतलं झाड जेवढं होतं तेवढंच राहिलं, रुसल्यासारखं. एक बाटली मात्र सगळ्यांच्या पुढे गेली. तिच्यातल्या झाडाने पाण्याबाहेर डोकं काढलं.

नवव्या आठवड्यात वन्सं सकाळी म्हणाल्या, “येत्या सोमवारी निकाल. त्यानंतरच्या रविवारी टाकी भरू. मंगळवारची सकाळची गाडी आहे, तिचं आरक्षण करून टाकते.”

त्या आरक्षण करायला बाहेर गेल्या. मी ओलं फडकं घेतलं.

आता सांगते, वन्सं. तुम्हाला मी म्हटलं होतं की खिडकी पुसताना चुकून झालं. चुकून एक चिठ्ठी निघते, दोन निघतात. अकरा निघत नाहीत. मी एकेक बाटली उचलली, चिठ्ठी ओली केली, नखाने सोलून काढली आणि बाटल्यांच्या जागाही बदलून टाकल्या. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर गुडघा दुखला, पण बाकी काही टोचलं नाही. ‘वन्सं, राहा’ हे दोन शब्द मला बोलता आले असते. मी आयुष्यात सगळ्यांना सगळं तोंडावर सांगितलं. हे नाही सांगितलं, कारण तुमच्या दारावर तुमचं नाव होतं, आणि ते लावायला तुम्हाला साठ वर्षं लागली होती. ते काढा असं कसं म्हणू?

तर वन्सं परत आल्या, खिडकीपुढे उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “अहो, पुसताना निघाल्या. बघा ना, ओळखू येतंय का काही?”

त्यांनी चष्मा लावला. पहिली बाटली उजेडात धरली, मग दुसरी, अशा अकराही बघितल्या. “छे,” म्हणाल्या. “काही ओळखू येत नाही. पुन्हा लावायला हव्यात.”

चौतीस वर्षं माती हाताळलेल्या बाईला लाल माती आणि काळा गाळ ओळखू येत नाही, यावर मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता. आरक्षण त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन रद्द केलं. “एम. ए. झाली, पण पुसायला काय घ्यावं ते कळलं नाही,” असं आठवडाभर ऐकवलं. मी मुकाट्याने ऐकलं. माझ्या मुकाटपणाचा त्यांना संशय यायला हवा होता.

दुसऱ्या वेळी सगळं नव्याने. बाटल्या रिकाम्या केल्या, माती भिजली, वाळली, चाळली गेली, फांद्या लागल्या. पुन्हा दहा आठवडे. रविवारच्या फोनवर मुलीने विचारलं, “आत्या अजून आहे?” वन्संनी पलीकडून ओरडून उत्तर दिलं, “तुझ्या आईने प्रयोग बिघडवलाय, म्हणून आहे.” मुलगी म्हणाली, “बरं झालं.”

दुसरा निकाल लागला. सात नंबर, म्हणजे टेकडीची लाल माती आणि तळ्याचा गाळ, निम्मे-निम्मे. लाल मातीत लोह भरपूर, गाळात बाकीचं अन्न, आणि दोघी मिळून ते धरून ठेवतात, पाण्यात सोडत नाहीत. टाकी रविवारी भरायची ठरली. गाडी पुन्हा मंगळवारची.

त्या आधीच्या शुक्रवारी डॉक्टरांनी गुडघा तपासायला बोलावलं होतं. जुना एक्स-रे आणा म्हणाले, ताडून बघायला. मी कपाटातलं पाकीट उघडलं. एक्स-रेची फिल्म होती, पण गुडघ्याखाली काही नव्हतं. कात्रीने सरळ पट्ट्या कापून नेलेल्या.

“वन्सं, माझा अर्धा पाय कुठाय?”

त्या वाळू धूत होत्या. मान वर केली नाही. “अगं, तो जुना पाय. तुला नवा बसवलाय ना?”

“कापला कशाला?”

“लागला होता.”

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. “कुणी लहान आहे का घरात?” त्यांनी विचारलं. “नाही, मोठी आहे,” मी म्हटलं. ते हसले, गुडघा बघितला आणि चालतं केलं.

शनिवारी सकाळी वन्सं मासेवाल्याकडे गेल्या होत्या. मी खिडकीतल्या बाटल्या पुसायला घेतल्या, या वेळी कोरड्या फडक्याने आणि चिठ्ठ्यांना हात न लावता. सात नंबरची बाटली उचलली तेव्हा ती हातात तिरकी झाली आणि मला तिचा तळ दिसला. मातीच्या खाली, काचेला चिकटून, एक काळपट पट्टी होती. माझ्या नडगीचा तुकडा. त्यावर सुईने कोरलेलं, ‘७’. मी दुसरी बाटली उंच धरून खालून बघितली. तिच्या तळाला ‘४’. अकराही बघितल्या. मग मला त्यांनी कधीतरी बोलता बोलता सांगितलेला त्यांच्या प्रयोगशाळेचा नियम आठवला, की प्रत्येक पिशवीला दोन चिठ्ठ्या, एक बाहेर बांधायची, एक आत टाकायची. बाहेरची भिजते, फाटते, हरवते. आतली राहते.

तरीही मी स्वतःला म्हटलं, पहिल्या वेळी चिठ्ठ्या गेल्या म्हणून दुसऱ्या वेळी ही सावधगिरी घेतली असेल. मग भिंग आणलं. नंबरच्या खाली तारखा होत्या. दोन. वरची पहिल्या प्रयोगाची, खालची दुसऱ्याची. या बाईने पट्ट्या पहिल्याच दिवशी घातल्या होत्या. मी चिठ्ठ्या सोलल्या त्या दिवशी बाटली नुसती खालून बघितली असती तर निकाल हातात होता. त्यांनी अकरा बाटल्या रिकाम्या केल्या, अकरा पट्ट्या धुतल्या, पुसल्या, पुन्हा घातल्या, आणि मला म्हणाल्या ओळखू येत नाही. मला फसवायला त्यांना जमलं. पण पट्टीवर खोटी तारीख घालायला हात धजला नाही.

मी बाटल्या होत्या तशा ठेवल्या आणि टेबलाशी बसले. पहिल्यांदा राग आला, म्हटलं अडीच महिने एकीने दुसरीला वेडं बनवलं. मग लक्षात आलं की कुणी कुणाला बनवलं हा हिशेब जुळत नाही. मग हसू आलं, ते आवरेना.

वन्सं परतल्या. हातात झाडांची ओली पुडकी. “का हसतेस?”

“काही नाही.” मग मी विचारलं, “वन्सं, तुम्ही सात नंबर ठरवलात. पण मनापासून सांगा, तपासायची राहिलेली अशी कुठली माती आहे का?”

त्या हात पुसत उभ्या राहिल्या. खिडकीतल्या बाटल्यांकडे बघितलं. मला वाटतं, बाटल्या इंचभर सरकलेल्या त्यांना दिसल्या असणार. त्यांना सगळं दिसतं.

“एक आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “आमच्या प्रयोगशाळेच्या मागे ढीग आहे. तपासून उरलेली माती आम्ही तिथे टाकायचो. चौतीस वर्षांची. चहूकडच्या शेतांची, बागांची, त्या मुख्याध्यापकांच्या मैदानाचीसुद्धा. सगळी चाळलेली, बारीक. कधीकाळी कुणाच्या तरी पिशवीतून पडलेलं भोपळ्याचं बी त्यावर रुजलं होतं, वेल दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता.”

“मग ती न तपासता निर्णय कसा घेणार?”

“नाहीच घेता येत,” वन्सं म्हणाल्या.

“आणायला जावं लागेल.”

“जाऊ. दोघी जाऊ. एक बादली पुरे. तुझा गुडघा बसचा प्रवास करण्याजोगा झाला की.”

“आणि मंगळवारची गाडी?”

“ती काय, दर मंगळवारी असते.”

रविवारी टाकी भरली, सात नंबरच्या मातीने, ‘तात्पुरती’. तिला आता सहा वर्षं झाली. झाडं इतकी माजलीत की दर महिन्याला कापून मासेवाल्याला द्यावी लागतात. तो ती विकतो, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर “यात पोषण आहे” असं सांगतो. मासे बारा की तेरा यावर आमचं एकमत नाही. वन्संची खोली वर्षातून दोनदा त्या स्वतः जाऊन झाडून येतात, नळ अजून गळतो, दारावर नाव आहे. जाताना दर वेळी मी म्हणते, येताना मातीही आणा की. दर वेळी उत्तर एकच, “एकटीने बादली कोण उचलणार? दोघींचं ठरलंय.” आणि दोघी निघायचं ठरलं की कधी माझा गुडघा ठणकतो, कधी त्यांना सर्दी होते, गेल्या वर्षी तर माझ्या चपलेचा पट्टा तुटला आणि आम्ही दोघींनी ते कारण पुरेसं मानलं.

झाकणाची बादली दारामागे तयार आहे. आत खुरपं आहे, आणि माती गुंडाळायला सहा वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र.

बारा नंबरची बाटली खिडकीत शेवटी ठेवलीय, रिकामी. तळाशी माझ्या नडगीची एक पट्टी आहे, तिच्यावर बारा कोरलंय. तारखेची जागा कोरी आहे.